तलावाकडची खिडकी

नागभीडला खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी माझं नाव, गाव, जात यातलं काहीच विचारलं नाही. माझी वळकटी रिक्षातून उतरवून घरापुढच्या छपरीत ठेवली होती. ते तिच्यासमोर उकिडवे बसले, दोरी सैल केली, आत नाक घातलं आणि बराच वेळ तसेच राहिले. मग गादीचा कोपरा दोन बोटांत धरून चुरगाळून पाहिला. माझी आधीची खोली दमट होती, असं त्यांनी मलाच सांगितलं. "गादीले आधी ऊन दाखवा जी, मंग आत न्या," ते म्हणाले. मला खोली त्याच दिवशी मिळाली. गादी मात्र त्यांचं समाधान होईपर्यंत आंगणातच राहिली.

मी तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत नवीनच लागले होते. नव्वदचं दशक संपत आलं होतं. घरमालकांना मी काकाजी म्हणायची आणि त्यांच्या बायकोला काकू. त्यांची एकुलती एक लेक लग्नाची होती. पुढची खोली माझी, मागे त्यांचं बिऱ्हाड, आणि मध्ये एक दार, जे काकाजींच्या हुकमावरून कायम उघडं. घराला वारा आरपार पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. त्या आरपार वाऱ्यात माझं खाजगी आयुष्य कुठे बसवायचं हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही.

ते एका राइस मिलमधून निवृत्त झाले होते. त्यांचा हुद्दा काय होता ते कुणालाच नीट सांगता येत नसे. काम मात्र सगळ्यांना माहीत होतं. धानाच्या बैलबंड्या फाटकावर आल्या की पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचा, तळचा मूठभर धान वर काढायचा, हुंगायचा, एक दाणा दाताखाली फोडायचा आणि "ओला" किंवा "चालते" एवढं बोलायचं. शेतकरी त्यांच्यावर चिडत आणि मालक खूश असत. काकाजींना दोन्हीचं काही वाटत नसे. निवृत्तीनंतर पोती गेली आणि नाक तेवढं राहिलं, ते मग घराकडे वळलं.

घर होतं तलावाच्या पाळीखाली, बांधाच्या पायथ्याशी. मातीच्या भिंती, वर कवेलू, म्हणजे कौलं. आषाढात तलाव भरायला लागला की आमच्या जमिनीला घाम फुटायचा. काडेपेटीच्या काड्या ओढून ओढून सोलून निघायच्या, मिठाचं पाणी व्हायचं, चपलांवर पांढरी लव उगवायची आणि पुस्तकांच्या पाठीवर हिरवट ठिपके पडायचे. झड लागली की कपाटातली साडीसुद्धा कुबट वास मारायची. बाकीचं गाव हे सगळं पावसाळ्याचा भाग म्हणून सोसत असे. काकाजींना तो स्वतःचा अपमान वाटे.

सकाळी चहाच्या आधी ते घरभर भिंतींना उलटा हात लावत फिरत, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा. माझी खाट भिंतीपासून हातभर दूर असली पाहिजे, ट्रंक विटांवर असली पाहिजे, आणि ओली छत्री छपरीच्या आत आली तर तो मी त्यांच्याशी केलेला दगाफटका. आत दोरीवर परकर वाळत घातलेला त्यांना बाहेर आंगणात बसून वासावरून कळायचा. मी भात शिजवत असले की खिडकीबाहेरून आवाज यायचा, "बाई, वाफ आढ्याले जाऊन राह्यली. दार उघडा." पाहुण्या आलेल्या माझ्या आईला त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की तिची शाल सादळली आहे. आई परत जाईपर्यंत त्यांच्याशी धड बोलली नाही.

एवढं असून त्यांचे उपाय बरोबर निघत असं मुळीच नाही. एका पावसाळ्यात त्यांनी खडेमिठाची पोती आणून प्रत्येक कोपऱ्यात ठेवली. मीठ ओल ओढून घेतं, हे खरं. पण ओढलेली ओल ते स्वतःजवळ ठेवत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. पोती पाझरली, पाणी भिंतीच्या बुडाशी मुरलं आणि दिवाळीपर्यंत पोपडे पडत राहिले. दुसऱ्या वर्षी चुन्यात मोरचूद जरा सढळ हाताने घालून त्यांनी माझी खोली रंगवली. ती शेवाळासारखी हिरवी झाली. मी तोंड वाकडं केलं तेव्हा ते म्हणाले, खोली आधीच हिरवी असली की बुरशी आली तरी दिसत नाही. हे ते थट्टेत म्हणाले की खरंच, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. आणि एकदा तर धानाचा तूस घमेल्यात पेटवून सगळी दारं लावून त्यांनी घराला असा धूर दिला की शेजारचे लोक बादल्या घेऊन धावत आले. काकू त्यावेळी घरामागच्या सांदवाडीत भांडी घासत होत्या. त्यांनी मान वर करून एकदा धुराकडे पाहिलं आणि पुन्हा भांड्यांना लागल्या.

काकू उंच होत्या आणि कमी बोलायच्या. नवऱ्याच्या प्रत्येक सूचनेला "हो जी" म्हणायचं आणि आपल्याला हवं तेच करायचं, असा त्यांचा संसार होता. तो बरा चालला होता.

लेकीचं स्थळ पाहायला गेले तेव्हाची गोष्ट गावात अजून सांगतात. ब्रह्मपुरीकडचं घर होतं. पोहे आले, चहा आला, मुलगा येऊन बसला. काकाजींनी मुलाकडे पाहिलंच नाही. ते उठले, बैठकीच्या चारही भिंतींना हात लावून आले, आणि मोरीचं पाणी कोणत्या बाजूला जातं एवढंच विचारलं. मग अंगणातली माती उकरून बोटांत चोळली. मुरमाड उंचवट्यावरचं घर होतं, खडखडीत कोरडं. तिथल्या तिथे त्यांनी होकार दिला. मुलगा काय करतो हे त्यांना परतीच्या गाडीत काकूंकडून कळलं. जावई पुढे चांगला निघाला, हा सगळा मुरमाचा प्रताप असं काकाजी मानत.

पण पहिलं बाळंतपण माहेरी. एवढं शोधून कोरड्या घरात दिलेली लेक भर पावसाळ्यात पोट घेऊन परत पाळीखालच्या घरात आली. दवाखान्यात बाळंत झाली, मुलगा झाला आणि काकू तिला घरी घेऊन आल्या.

बाळंतिणीची खोली म्हणजे सगळ्यात आतली, तलावाच्या बाजूची. काकूंनी ती आधीच तयार करून ठेवली होती. कवेलूंच्या खालच्या फटींत चिंध्या कोंबल्या होत्या, दाराला जाड गोधडी टांगली होती. खिडकी बुजवायचा प्रश्न नव्हता, कारण ती कधीचीच विटांनी बंद होती. खाटेखाली शेगडी आणि सकाळ-संध्याकाळ ओवा, लसणाची टरफलं आणि कडुनिंबाची धुरी. वारा लागू नये म्हणून हे सगळं. माझ्या माहेरीही असंच करत, त्यामुळे मला त्यात वेगळं काही वाटलं नाही. पुरुषांना बारशापर्यंत आत जायला मनाई. तेव्हा घरात भिंतींवर उलटा हात फिरवणारा जो एकमेव माणूस होता, तो नेमका त्या खोलीबाहेर राहिला.

काकाजी गोधडीशी उभे राहून हुंगायचे. धुरीशिवाय काही कळत नाही, असं मला येऊन सांगायचे. इतक्यात बाळाचं नाक चोंदलं. मग छातीत घरघर सुरू झाली. दूध ओढता ओढता ते सोडून द्यायचं आणि रडायला लागायचं, रडण्यालाही जोर नसायचा. सरकारी दवाखान्यात नेलं, ठेवून घेतलं, औषध दिलं. तिथल्या मोठ्या उघड्या वॉर्डात ते भराभर सुधारलं. सिस्टरने काकूंना धुरी बंद करायला आणि खोलीत हवा खेळती ठेवायला सांगितलं. काकू "हो जी" म्हणाल्या. घरी आलं आणि घरघर पुन्हा सुरू झाली.

काकू म्हणाल्या, औषधाचा असर उतरला. काकाजी म्हणाले, खोलीला बुरशी आहे. त्यांच्या या म्हणण्यावर कोण लक्ष देणार? वर्षानुवर्षं ते प्रत्येक खोलीला, प्रत्येक गोधडीला आणि माझ्या आईच्या शालीलाही हेच म्हणत आले होते. मीसुद्धा मनात हसलेच. शेवटी मी तोडगा म्हणून माझी पुढची खोली देऊ केली. काकूंनी ऐकून घेतलं आणि रस्त्यावरची खोली, येणाऱ्या-जाणाऱ्याची नजर लागेल, एवढंच म्हणाल्या.

मग एका दुपारी मी शाळेतून आले तर काकाजी माझ्या दारात उभे. आवाज खाली होता, जो त्यांचा कधी नसे.

"बाई, मले आत जाता येत नाई. तुमी जाऊन पाहा. धुरी विझू द्या, मंग वास घ्या. अन् खरं सांगजा. नसन तं नाई म्हना."

मी गेले. काकू शेगडीपाशी बसल्या होत्या, लेक खाटेवर, बाळ मांडीवर. मी कशाला आले ते काकूंना लगेच कळलं. धुरी विझत गेली तशी मी बोलत बसले, आणि हळूहळू तो वास वर आला. मिलमधल्या भिजलेल्या पोत्यासारखा, गोडसर, घशात बसणारा. त्या घरात राहून माझंही नाक थोडंफार तयार झालं होतं. खाटेच्या डोक्याशी गोधड्यांची थप्पी होती, भिंतीला टेकून. मी ती पुढे ओढली. मागची भिंत, बुजवलेल्या खिडकीच्या विटांसकट, खालपासून वरपर्यंत काळी-हिरवी झाली होती. वरून केसाळ. हात लावला तर बोटांना लागली. आणि बाळाचं डोकं तिथून हातभरावर होतं.

काकूंनी ते पाहिलं. पाहून त्यांनी गोधड्या पुन्हा जागच्या जागी लावायला सुरुवात केली.

त्यांनी मला तेव्हा जे सांगितलं ते गोधड्या लावता लावताच सांगितलं. या लेकीच्या आधी त्यांना एक मुलगा झाला होता. असाच पावसाळा, हीच खोली. काकाजी तेव्हा तरुण होते आणि तेव्हापासूनच त्यांना कोंदट सहन होत नसे. तलावाकडची खिडकी त्यांनी उघडी ठेवायला लावली, स्वतःच्या आईचं ऐकलं नाही. पोराची छाती भरली. बारसं व्हायच्या आधीच ते गेलं. बायका म्हणाल्या, पाण्यावरचा वारा लागला.

"मी त्यायले कधी एक सबद बोलली नाई," काकू म्हणाल्या. "पन खिडकी मी बुजवली. चिखल मीच कालवला, विटा मीच ठेवल्या. आता तुमीच सांगा बाई, मी ते कशी उघडू?"

 खाटेवरची लेक हे पहिल्यांदाच ऐकत होती. आपल्याला एक भाऊ होता एवढंच तिला ठाऊक होतं.

बाहेर येऊन मी काकाजींना खरं ते सांगितलं. मला वाटलं होतं, त्यांना आपलं म्हणणं खरं ठरल्याचा आनंद होईल, ते ताबडतोब हुकूम सोडायला लागतील. ते छपरीच्या पायरीवर बसले. मी त्यांना त्या पहिल्या मुलाबद्दल विचारलं. असं कुणी विचारावं की नाही हे मला कळत नव्हतं, पण विचारलं.

"खिडकी उघडी होती म्हून तो तेवढा तरी जगला, असं मले वाटते," ते म्हणाले. "पन मले का मालूम? मी का डाक्टर आहो? तिचंबी खरं असू शकते."

तेव्हा मला या माणसाचा उलगडा झाला. मीठ, मोरचूद, तुसाचा धूर, सोयरिकीतल्या भिंती, माझी वळकटी, हे सगळं ते कशासाठी करत होते ते कळलं. सगळ्या घराची ओल शोधत फिरणारे काकाजी ती एक खिडकी एवढी वर्षं उघडू शकले नव्हते, कारण बायकोचं खरं असेल तर आपणच आपला मुलगा मारला, ही भीती त्यांच्या पोटात होती. आता नातू आत गुदमरत होता. खिडकी फोडली आणि बाळाचं आणखी बिघडलं, तर त्या घरात पुढे कुणाचं तोंड कुणी पाहायचं? त्यांची मला फार कणव आली. काकूंचीही तेवढीच आली, आणि दोघांपैकी कुणाचीही बाजू घ्यावी असं मला वाटेना.

दुसऱ्या दिवशी पावसाने उघडीप दिली. रविवार होता, मी घरीच होते. काकाजी आंघोळ करून गोधडीच्या अलीकडे उभे राहिले आणि आत आवाज दिला. बायकोला नाही, लेकीला.

"लेकरू तुझं आहे. तू सांग. मी खिडकी फोडू का नको?"

आत बाळाची घरघर चालू होती. मग लेक म्हणाली, "फोडा बाबा."

काकू काहीच बोलल्या नाहीत. "हो जी" सुद्धा नाही.

काकाजी लोखंडी सब्बल घेऊन घराला वळसा घालून मागे गेले. मी आत जाऊन लेकीला आणि बाळाला दाराजवळच्या कोपऱ्यात बसवलं, अंगावर पांघरूण घातलं, खाट ओढून घेतली. पहिला ठोका बसला तशी काकूंनी कानावर पदर ओढला. विटा मातीत लावलेल्या होत्या, आणि ओलीने ती माती लोण्यासारखी झाली होती. फार जोर लागलाच नाही. एक वीट आत पडली, मग दुसरी, आणि त्या काळ्या भिंतीतून उजेडाचा एक चौकोन आत आला. त्यामागून तलावावरचा वारा. खोलीतल्या धुराला एकदम वाट मिळाली.

बाळाचं आधीच सांगून टाकते. ते वाचलं. त्याच संध्याकाळी परत दवाखान्यात नेलं, औषध पुन्हा सुरू झालं, धुरी बंद झाली, भिंत खरवडून तिला चुना दिला. खिडकीने किती काम केलं आणि औषधाने किती, याचा हिशोब कुणी मांडला नाही. पोरगा आता चांगला दणकट आहे.

पण मला आठवते ती त्या सकाळची खोली. सगळ्या विटा पडल्या आणि खिडकी मोकळी झाली, तेव्हा काकू उठल्या. मला वाटलं, आता त्या गोधडी घेऊन खिडकीला लावणार. त्यांनी पाट घेतला, तो खिडकी आणि बाळ यांच्यामध्ये ठेवला, आणि खिडकीकडे पाठ करून त्यावर ताठ बसल्या. वारा आत येत होता, पण आधी त्यांच्या पाठीवर येत होता. त्यांचा पदर हलत होता.

बाहेर काकाजी सब्बल टेकवून उभे होते. चेहऱ्यावर मातीचे शिंतोडे उडालेले. त्यांना आत फक्त बायकोची पाठ दिसत असणार, कारण नातू तिच्या आड होता.

"पान्यावरचा वारा आहे," ते म्हणाले. "तुले लागन."

"लागू द्या मले," काकू म्हणाल्या. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. "तवा मी अशी बसाले पायजे होती."

वाऱ्याने कुणी मरत नाही, असं काकाजी जन्मभर साऱ्या गावाला सांगत आले होते. तेव्हाही ते सांगतील म्हणून मी वाट पाहत होते.  त्यांनी सब्बल खाली ठेवली, अंगातला सदरा नीट ओढून घेतला, आणि तलावाकडे पाठ करून खिडकीला अर्धे आडवे उभे राहिले, वाऱ्याला आत जायला जागा ठेवून. ती दोघं तशीच, एक आत आणि एक बाहेर, बाळ झोपेपर्यंत होती.